चौथा कामगार

2023 साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी सागवान गेलं ते आमच्या चंद्रपूर जिल्ह्याकडून. साग अयोध्येला गेला, भुसा माझ्या दुकानात राहिला, अशी माझी जुनी तक्रार आहे. मूल शहराजवळच्या खेड्यात माझं फर्निचरचं काम चालतं. रंधा मशीन, कटर, सँडर आणि एक जुना ॲम्प्लिफायर असे चार कामगार. तिघं धूळ काढतात, चौथा ती खातो.

गाणं नसलं की हात चालत नाही, असं मिस्त्री म्हणतो. गाणं असल्यावर फार चालतो असंही नाही, पण ते जाऊ द्या.

जाडा भुसा बिचारा सज्जन. पडतो, झाडला की जातो. बदमाश ती पॉलिश पेपरची पिठी. ती दिवसभर हवेत तरंगते आणि मिस्त्री घरी गेला की निवांत उतरते. ॲम्पच्या मागचा पंखा उरलेली हौसेनं आत ओढतो. मग व्हॉल्यूमच्या बटणातल्या कार्बनच्या पट्टीवर ती बसली, की भजनात कोणी शेंगदाणे भाजतंय असं वाटतं.

आधी मी ॲम्पवर बायकोची जुनी साडी पांघरली. मे महिना, बाहेर 46 अंश. तासाभरात गडी गप्प. मग पॉलिश मारायच्या कॉम्प्रेसरचा पाइप लावला. पंखा असा गरगरला की त्याचं एक पातं तुटून माझ्या कपाळावर आलं, आणि पाइपातल्या पाण्याचे थेंब आत उडाले ते वेगळेच. मिस्त्री शांतपणे म्हणाला, "भाऊ, धूळ बाहेर काढून रायले, का अंदर भरून रायले?"

तिसरा उपाय बिजागऱ्यांच्या तेलकट स्प्रेचा. दोन दिवस आवाज लोण्यासारखा. तिसऱ्या दिवशी तेलात पिठी कालवून आत शिरा तयार!

शेवटी मूलच्या रिपेअरवाल्याकडे गेलो. त्यानं झाकण उघडलं आणि बराच वेळ माझ्याकडेच पाहिलं. मग म्हणाला, "प्लग काढला तरी लगेच हात घालू नका, कपॅसिटरात करंट दबून असते. मऊ ब्रशनं झाडा. पंखा बोटानं धरून ठेवा. बटणात काँटॅक्ट क्लीनर मारून पंचवीसदा फिरवा. आन् मले सांगा, हा डब्बा भुशात ठेवताच काहून?"

हे मला दहा वर्षांत सुचलं नव्हतं. भिंतीला भोक पाडलं, ॲम्प पलीकडच्या खोलीत नेला, स्पीकर तेवढे इकडे टिनाखाली टांगले. बायकोनं खोली लगेच दिली. तेव्हाच शंका यायला हवी होती.

महिन्याभरानं पुन्हा शेंगदाणे भाजायला लागले. झाकण उघडलं. भुशाचा कण नव्हता. सगळं पांढरंशुभ्र. मिस्त्रीनं बोट फिरवलं, चाखलं.

"तांदळाचं पीठ हाय, भाऊ. वहिनीनं घरघंटी घेतली वाटते."