पहिल्या धारेचं

आमच्या घरी तेल हा बोलण्याचा विषयच नव्हता. नागपूरच्या इतवारी बाजारातून पंधरा किलोचा डबा यायचा. हे त्याला खिळ्यानं समोरासमोर दोन भोकं पाडायचे, एक तेल बाहेर यायला आणि दुसरं हवा आत जायला. मग डबा पार आडवा करूनही धार लागेनाशी होईपर्यंत त्याच्याकडे कोणी बघायचंसुद्धा नाही.

मग यांचं कोलेस्ट्रॉल निघालं.

डॉक्टर 'तेल कमी करा' एवढंच म्हणाले होते. 'बदला' हे मी माझ्या मनानं ऐकलं. त्याचं काय झालं, दवाखान्यातून येताना वाटेत मॉल लागतो, आणि त्या दिवशी दारातच ऑलिव्ह ऑइलच्या बाटल्यांचा मनोरा रचलेला. एका लिटरवर एक लिटर फुकट. गडद हिरव्या काचेच्या, उंच मानेच्या बाटल्या, लेबलावर झाडाची फांदी. हजाराच्या वरचं तेल मी जन्मात घेतलं नव्हतं, पण फुकटची बाटली धरली तर निम्म्यात पडत होतं. नवरा आयुष्यभर ऑडिटमध्ये असला की असे हिशेब बायकोलाही यायला लागतात.

घरी आल्यावर मुलीनं बाटली फिरवून फिरवून बारीक अक्षरांतली तारीख शोधून काढली. "आई, ३१ मार्चपर्यंतच आहे हे."

जानेवारीचा दुसरा आठवडा होता. तेल दोन लिटर, आठवडे अकरा, माणसं चार, आणि त्यातल्या एकाला तेल कमी खायचं होतं.

"राहील की पुढेही. लोणचं नाही का मुरत?" मी म्हटलं. मुलीनं मोबाइल काढून माझी शिकवणी घेतली. हे तेल मुरत नाही म्हणे, बाटलीत भरल्या दिवसापासून उतरतच जातं. उजेड, ऊब आणि हवा हे तिन्ही त्याचे वैरी, म्हणून ती गडद काच. फळं रगडतानाही पारा २७ अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही, तरच त्याला कोल्ड एक्स्ट्रॅक्शन म्हणता येतं. सत्तावीस! मे महिन्यात आमच्याकडे पहाटे एवढा गारवा मिळाला तरी लोक देवाचे आभार मानतात. या बाटल्यांनी मागचा उन्हाळा कुठल्या टिनाच्या गोदामात काढला असेल, हा विचार मी तिथंच थांबवला.

एवढ्यात सासूबाई चष्मा लावून आल्या. "एक्स्ट्रा व्हर्जिन म्हंजे काय वं?"

मुलगी बारावीत आहे. तिच्या ओठांवर आलेलं भाषांतर मी डोळ्यांनीच परत पाठवलं. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "आजी, म्हणजे पहिल्या धारेचं."

"अवं माय! दारू व्हय का?"

दारू नाही, हे पटवायला अर्धा तास गेला. ताजी फळं नुसती रगडून काढलेलं, रसायन न घातलेलं तेल. आम्लता शंभरात ०.८ च्या आत पाहिजे, आणि चवीत एकही खोट नको. ती शोधायला चाखणारे पंच बसतात. खोट थोडी असेल तर नुसतं व्हर्जिन. त्याहून वाईट निघालं तर रिफाइंड करतात, आणि 'लाइट' म्हणून मिळतं तेही रिफाइंडच, हलका असतो तो रंग आणि वास, उष्मांक तेवढेच. सगळ्यात शेवटी उरलेल्या चोथ्यातून द्रावक वापरून काढतात ते पोमेस.

"म्हंजे ढेपीचं," सासूबाई म्हणाल्या.

हे घरातच राहायला हवं होतं. पण समोरच्या वहिनी वर्षभर मला ऐकवत होत्या की आमच्याकडे बाई सगळं ऑलिव्हमध्येच असतं, आणि त्यांच्या ओट्यावरच्या डब्यावर पोमेस लिहिलेलं मी पाहिलं होतं. मी बोलून गेले. तेव्हापासून मी कढीपत्ता विकत आणते.

सासूबाईंना मात्र एव्हाना ओळख पटली होती. "हे तं जैतूनचं तेल होय. औषधाच्या दुकानात भेटे, लहानशा डब्यात. तीन महिन्याचा होता हा, तवा हेच लावत होती मी याच्या अंगाले. आता खाऊन राह्यले लोकं!"

हे पेपरच्या मागे गेले.

मग मुलीनं प्रत्येकाला एकेक चमचा कच्चं तेल दिलं. चव कळली पाहिजे म्हणाली. मी चमचा नाकाशी नेला तर नुकत्याच कापलेल्या गवताचा वास. जिभेवर आधी मऊ, साईसारखं. मग मागच्या बाजूला कारल्याचा कडवटपणा. आणि गिळून झालं, सुटलो, असं वाटत असतानाच घशात असा ठसका लागला की मला एकदा आणि यांना दोनदा खोकावं लागलं. मी ताबडतोब पर्समध्ये पावती शोधायला लागले. तेल खराब निघालं, बदलून आणू.

तर खोकला येणं हीच चांगल्या तेलाची खूण निघाली. म्हणजे गोदामातला उन्हाळा सोसूनही बाटलीत थोडा जीव शिल्लक होता. अमेरिकेतल्या एका शास्त्रज्ञानं सिसिलीत ताजं तेल चाखलं आणि त्याचा घसा अगदी आयब्युप्रोफेन या वेदनाशामकाचं पातळ औषध गिळल्यासारखा चरचरला. त्यावरून शोध घेत त्यांनी त्यातलं द्रव्य वेगळं केलं, त्याचं नाव ओलिओकँथल ठेवलं आणि २००५ साली ते 'नेचर'मध्ये छापून आलं. सूज उतरवण्याचं काम ते आयब्युप्रोफेनच्याच वाटेनं करतं.

या सगळ्यातला एकच शब्द सासूबाईंनी पकडला. आयब्युप्रोफेन त्यांच्या गोळ्यांच्या डबीत असते.

"म्हंजे हे गुडघ्याचं तेल हाय."

"आजी, लावून नाही, खाऊन. आणि पन्नास ग्रॅम तेल खाल्लं तरी एका दिवसाच्या डोसाचा दहावा हिस्सा फक्त."

"मंग दहा डाव लावीन."

दुसऱ्या दिवशी खोकल्याच्या औषधाची एक रिकामी बाटली उकळून, पुसून, उन्हात वाळत घातलेली मला दिसली. मी काही विचारलं नाही. यांनी मात्र ऑलिव्हच्या बाटलीला कागदाची उभी पट्टी चिकटवली आणि दर रविवारी तेलाच्या पातळीवर पेन्सिलनं रेघ मारायला सुरुवात केली. ओपनिंग बॅलन्स, क्लोजिंग बॅलन्स. निवृत्त माणसाला काहीतरी लागतं.

पहिल्या रविवारी तर्रीपोहे केले. आता घाणीचं तेल कच्चं राहू नये म्हणून धूर दिसेपर्यंत तापवायचं, हे मला माझ्या आईनं शिकवलेलं. तो हात आपोआप चालतो. या तेलाला धूर येतो १९० ते २१० अंशांच्या आसपास, आणि मोहरी त्याच्या कितीतरी आधी तडतडते, म्हणजे फोडणीला काहीच अडचण नव्हती. अडचण माझी होती. मी धुराची वाट बघत उभी राहिले, तो आला, आणि अर्ध्या कढईचा विलायती सुगंध एक्झॉस्टमधून थेट समोरच्या वहिनींच्या स्वयंपाकघरात गेला. उरलेल्या तेलात तर्री केली. तवंग लाल यायचा तो हिरवट-तपकिरी आला, भिजवलेल्या मेंदीसारखा. नागपुरात तर्रीच्या रंगावर वाद होत नाही, तो लालच असतो. यांनी एकदा वाटीत पाहिलं आणि पोहे कोरडे खाल्ले.

मग सासूबाईंनी महागाची वस्तू म्हणून बाटली फ्रिजमध्ये ठेवली. सकाळी आत पांढरा गोळा. "तुले डालडा देला त्यानं." ओट्यावर ठेवल्यावर दुपारून पुन्हा पातळ झालं. गारठ्यानं ते गोठतंच, त्यावरून खरं-खोटं काही ठरत नाही.

शिऱ्याबद्दल मी फार लिहिणार नाही. रवा छान भाजला गेला होता, केळं होतं, वेलदोडा होता. यांनी दोन घास खाल्ले आणि विचारलं, "चांगलाय. कुठल्या भाजीचा आहे?"

गोडात या तेलाची अब्रू राखली ती केकनं, आणि तो मुलीचा उद्योग. तिकडे इटली-स्पेनमध्ये या तेलाचे केक घरोघरी होतात, त्यात संत्र्याची साल किसून घालतात, असं तिनं वाचलं. संत्र्यांचं नागपूरकरांना कोण काय सांगणार! गोकुळपेठच्या बाजारातून मी दोन डझन घेऊन आले. आमच्या संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, रंग, रस, गोडी, कशालाच नाव ठेवायला जागा नाही, पण किसणीसमोर त्याच्याइतकं नालायक फळ नाही. बाहेरचं ते माल्टा घट्ट सालीचं, किसणीवर ताठ उभं राहतं. आमच्या संत्र्याची साल म्हणजे ढगळ कोट. किसायला गेलं की साल जागेवर, फळ आतल्या आत फिरतं, आणि पुढच्या हिसक्याला किसणीवर आपल्या बोटाचं पेर. दोन संत्री आणि तीन पेरं सोलून झाल्यावर मला सुचलं की साल आधी काढून कडक होईपर्यंत फ्रीजरमध्ये टाकावी, मग किसावी. तशी ती निमूट किसली गेली. लोण्याऐवजी तेल घेताना शंभर ग्रॅमला पंचाहत्तर-ऐंशी पुरतं, कारण लोण्यात पाणीही असतं. ओव्हन तापला आणि सालीचा आणि तेलाचा वास एकत्र आल्यावर घरात पहिल्यांदाच कोणी नाक मुरडलं नाही. केक चौथ्या दिवशीही मऊ होता. म्हणजे चौथ्या दिवशी जेवढा उरला होता तेवढा. यांचं कोलेस्ट्रॉल या दिवसांत कोणालाही आठवलं नाही, यांना तर नाहीच.

शंकरपाळ्यांत याचं मोहन घातलं, खुसखुशीत झाले. तळायला घ्यावं तर यांनी कढईत मावेल तेवढ्या तेलाची किंमत काढली. तळण इतवारीच्या डब्यातूनच झालं.

मार्च लागला तेव्हा एक बाटली रिकामी आणि दुसरीच्या बुडाशी चार बोटं तेल. यांनी पट्टी समोर ठेवून मला बोलावलं. "तुझ्या वहीप्रमाणे वापर आणि रेघांप्रमाणे वापर जुळत नाही. तफावत येते आहे."

"सांडलं असेल."

"दर आठवड्याला सारखंच सांडतं?"

मी गप्प बसले. सासूबाई अलीकडे जिना न थांबता चढत होत्या. तेलामुळे की उन्हाळा लागल्यामुळे, देव जाणे.

त्याच रविवारी अमरावतीहून नणंद आणि जावई आले. जावई आले की आमच्याकडे वडाभात. चार डाळी भिजवून भरड वाटायच्या, हिरवी मिरची, सांभार म्हणजे आमची कोथिंबीर, वडे खमंग तळायचे. गरम भातावर वडा कुस्करायचा, मधे आळं करायचं आणि त्यात फोडणीचं तेल ओतायचं. चमचाभर नव्हे, ओतायचं. म्हटलं, तारीख जवळ आली, हेच वापरू. या वेळी धुराची वाट पाहिली नाही. मंद आचेवर मोहरी, हिंग, दोन सुक्या मिरच्या, आणि मिरची काळी पडायच्या आत गॅस बंद.

जावयांनी कालवलं, घास घेतला आणि बोलणं थांबवलं. दुसरा घास. मग ताट पुढे सरकवून, "वहिनी, तेल."

सासूबाईंनीही घास घेतला आणि चावता चावता थांबल्या. "हे तं जवसाच्या तेलावानी लागते वं," त्या म्हणाल्या. त्यांच्या माहेरच्या गावात घाणी होती. ताजं जवसाचं तेल, त्याचा तो कडसरपणा, कण्यांवर आणि भाकरीवर कच्चंच घ्यायचे. शहरात आता ते सावजीच्या रश्शात सापडलं तर सापडतं. दोन महिने मी हे तेल तुपाच्या, लोण्याच्या, शेंगदाण्याच्या जागी बसवत होते. ते जवसाच्या घरातलं आहे, हे चाखल्याबरोबर त्यांनी सांगितलं असतं, पण त्या दिवशी त्यांच्या चमच्यातलं तेल त्यांनी गिळलंच नव्हतं. ते थेट गुडघ्यावर गेलं होतं.

"वहिनी, अजून थोडं," जावई म्हणाले. मी बाटली उलटी धरली. एक थेंब मानेपर्यंत आला आणि तिथंच राहिला.

सासूबाई उठल्या. न लंगडता आपल्या खोलीत गेल्या आणि पदराआड काहीतरी घेऊन आल्या. स्वयंपाकघरात माझ्या हातात दिलं. खोकल्याच्या औषधाची बाटली, गळ्यापर्यंत भरलेली.

"कापूरबिपूर नाही ना घातला यात?" मी कुजबुजले.

"नाई वं बाप्पा. जावई हाय तो, दे त्याले."

मी ते कढल्यात घेतलं, मोहरी टाकली, हिंग टाकला. जावयांनी दोन वडे आणखी कुस्करले. पाठीमागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. हे ओट्यापाशी उभे राहून ती रिकामी छोटी बाटली उजेडात धरून बघत होते. तिच्यावर औषध मोजायच्या रेघा छापलेल्याच असतात. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, पट्टीवर आकडा लिहिला, खाली दोन रेघा ओढल्या आणि समाधानानं म्हणाले, "जुळलं."