गोलात गोल, आणि मध्ये आपण

इंग्लंडमधल्या स्विंडनच्या त्या सुप्रसिद्ध चौकाआधी एक पाटी लागते. पंगतीच्या ताटात मुदीभोवती पाच वाट्या मांडाव्यात, तशी आकृती. ती उमजेपर्यंत गाडी पहिल्या वाटीत पोचलेली असते.

याला मॅजिक राउंडअबाउट म्हणतात. पाच रस्ते एकत्र येतात, प्रत्येकाच्या तोंडाशी एक छोटं गोलचक्कर, आणि मधोमध मोठं बेट. फ्रँक ब्लॅकमोर या वाहतूक अभियंत्याची ही करामत १९७२ सालची. सुरुवातीला लहान चक्करांच्या खुणाही पक्क्या नव्हत्या. त्या सरकवून बघत होते, आणि दर चक्करावर एकेक पोलीस उभा होता. पोलीस गेले, चौक राहिला.

नवख्याची घाबरगुंडी उडते ती ऐकीव माहितीने: 'आतलं रिंगण उलटं फिरतं!' फिरतं खरं. बाहेरची वाहनं घड्याळाच्या काट्याप्रमाणे आणि आतली काट्याच्या विरुद्ध. पण माझ्या मते यात जादू वगैरे काही नाही. दुपदरी, दोन्ही दिशांनी वाहणारा साधा रस्ता घ्या, वाकवून त्याची दोन टोकं जोडा, झालं. बाहेरच्याची डावी बाजू बाहेर पडते, आतल्याची डावी बाजू बेटाला लागते. उजवीकडून कुणीच चालवत नाही. तिथे गोव्याहून जाऊन स्थायिक झालेली मंडळी पुष्कळ आहेत. डावीकडून चालवायची सवय त्यांनी मडगाव-म्हापशाहूनच नेलेली. अडतं ते थांबण्यापाशी.

कारण सगळा खेळ एका नियमाचा आहे: उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या. ब्रिटनमध्ये हा नियम १९६६ साली आला. त्याआधी बाहेरचे आत घुसत, आतल्यांना बाहेर पडता येत नसे, आणि सगळं चक्कर जाम. आपल्याकडे हा प्रयोग अजून चालू आहे.

आता प्रत्यक्ष कृती. वेग कमी करा, तुटक पांढऱ्या रेषेशी या, फक्त उजवीकडे बघा. मोकळं दिसलं की आत. छोट्या चक्कराच्या मधल्या पांढऱ्या ठिपक्याला वळसा घालायचा, त्यावरून गाडी न्यायची नाही. ती मुभा फक्त वळूच न शकणाऱ्या अवजड वाहनांना. मग डावीकडे वळलात तर बाहेरचं रिंगण, ठिपका फिरून उजवीकडे निघालात तर आतलं. उजवीकडचा पहिलाच रस्ता हवा असेल तर आतलं घ्या, पुढच्याच ठिपक्यावर बाहेर पडता येतं. साध्या राउंडअबाउटला याच कामासाठी जवळजवळ अख्खी प्रदक्षिणा पडते.

गोची पुढच्या ठिपक्यावर होते. आतल्या रिंगणातून तुम्ही तिथे येता तेव्हा त्या रस्त्यावरून नव्याने येणारा तुमच्या उजवीकडे असतो. म्हणजे तुम्ही आधीपासून आत असूनही थांबायचं तुम्हीच! 'मी पहिला आलो' हा युक्तिवाद इथे चालत नाही. बाहेरच्या रिंगणातल्याला मात्र हाच नवा माणूस साइड देतो. तिन्ही बाजूंनी तीन गाड्या एकदम आल्या तर प्रत्येकाच्या उजवीकडे कुणीतरी असतंच. अशा वेळी तीन इंग्रज एकमेकांना 'आधी तुम्ही' अशा खुणा करतात, आणि हॉर्नशिवाय कोंडी होऊ शकते हे सिद्ध होतं.

पाच ठिपक्यांचा आराखडा एकदम डोक्यात धरू नये. हायवे कोड, म्हणजे ब्रिटनमधली वाहतुकीच्या नियमांची पुस्तिकाही तेच सांगते: प्रत्येक चक्कर स्वतंत्र समजा. समोरचा ठिपका, उजवी बाजू, बस. लेन आधीच निवडा, कारण ठिपक्यापाशी इंडिकेटर द्यायलाही पुरता वेळ नसतो. शेजारीच काउंटी ग्राउंड हे फुटबॉलचं मैदान आहे, तेव्हा नवशिक्याने सामन्याचा दिवस टाळावा.

रस्ता चुकलाच तर करकचून ब्रेक मारू नका. रिंगणात राहा, आपला फाटा पुन्हा येतो. ठिपक्याभोवतीच यू-टर्न मारायचा मोह होईल. त्याबद्दल हायवे कोडमध्ये लागोपाठ दोन सूचना आहेत. पहिली, मिनी राउंडअबाउटवर यू-टर्न घेणं टाळा. दुसरी, तो घेणाऱ्या इतरांपासून सावध राहा.