‘ताठ बस’ म्हणणं मी सोडून दिलंय

बावीस वर्षं शिकवतेय. ‘पोक काढू नकोस, ताठ बस’ हे वाक्य किती वेळा फेकलं असेल, हिशोब नाही. परिणाम ठरलेला. सगळा वर्ग काठी गिळल्यासारखा ताठ होतो आणि मी फळ्याकडे वळेपर्यंत पुन्हा होता तसा. मुलं ऐकत नाहीत, एवढंच मला कळायचं.

मग एकदा पेन्सिल खाली पडली म्हणून वाकले आणि बाकांखालचं दृश्य दिसलं. पुढच्या रांगेतले पाय हवेत लोंबकळत होते, मागच्या रांगेतले गुडघे फळीला घासत होते. सहावीच्या वर्गात सगळ्यात बुटक्या आणि सगळ्यात उंच मुलात सहज एक फुटाचा फरक असतो. पायातले बूट आपण मापाने घेतो, बसायला मात्र सगळ्यांना एकच बाक. पायाला जमीन लागली नाही की मूल पुढे घसरतं, कमरेचं हाड मागे कलंडतं आणि पाठ आपोआप गोल होते. त्यात शिस्तीचा काय संबंध? मराठीत बसायचाही बाक आणि कमरेचाही बाक. पहिल्याचं माप चुकलं की दुसरा जातो.

हो, कमरेला बाक असायलाच हवा. ‘ताठ’ या शब्दानेच घोळ केलाय. निरोगी कणा बाजूने पाहिला तर सरळ नसतोच. जन्मतः तो एका कमानीसारखा असतो. बाळ मान सावरू लागतं तशी मानेची वळणदार घडण पक्की होते, उभं राहून चालू लागतं तशी कमरेची. छाती पुढे काढून, खांदे मागे खेचून बसलेलं मूल फोटोत छान दिसतं. पाच मिनिटांत त्याचे स्नायू दमतात, ते वेगळं.

१९९९ साली जर्मनीतल्या उल्ममध्ये संशोधकांनी एका माणसाच्या कमरेच्या चकतीत, म्हणजे दोन मणक्यांमधल्या मऊ गादीत, दाब मोजणारं यंत्र बसवून दिवसभराच्या नोंदी घेतल्या. खुर्चीत पाठ टेकवून सैल रेलल्यावर चकतीवरचा दाब उभं राहण्यापेक्षाही कमी भरला. माणूस एकच होता, त्यामुळे त्यावर फार इमले बांधायला नकोत. पण रेललेल्या पोरावर खेकसायचा माझा हक्क त्या दिवशी गेला.

मुद्दा कसं बसलाय यापेक्षा किती वेळ तसाच बसलाय हा आहे. मोठ्यांच्या चकत्यांच्या आत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच, त्यांचं पोषण शेजारच्या मणक्यांतून झिरपत येतं. दिवसभर त्या दबून पाणी सोडतात, रात्री आडवं झालं की पुन्हा फुगतात. म्हणून सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटीमीटरभर उंच असतो. हे मी वर्गात सांगितलं तर कोणाचा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग घरच्यांची उंची दोनदा मोजून आला! पाठीबद्दलचं माझं एवढं भाषण ऐकून जे झालं नव्हतं ते एका मोजपट्टीने केलं.

आता तासाच्या मध्यावर सगळे उठतात. उत्तर उभं राहून द्यायचं, वही तपासून घ्यायला माझ्यापर्यंत चालत यायचं. वाचताना पुस्तक तिरपं टेकवायचं, म्हणजे मान मोडत नाही. ज्यांचे पाय पोचत नाहीत त्यांच्यासाठी जुनी खोकी ठेवलीत. गोंधळ होतो का? होतो. दोन मिनिटं.

दप्तराचं काय, हे सगळे पालक पहिल्यांदा विचारतात. दप्तर मुलाच्या वजनाच्या १० ते १५ टक्क्यांत असावं असा सल्ला सगळीकडे दिला जातो, आणि मी तो पाळायला लावते. आम्ही काट्यावर वजन केलं तेव्हा २८ किलोच्या एका मुलाचं दप्तर साडेपाच किलो भरलं. दोन्ही पट्टे खांद्यावर, जड पुस्तकं पाठीलगत, दप्तर कमरेखाली लोंबू नये. पण २०१८ मध्ये ६९ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा दप्तरामुळे मुलांची पाठ दुखू लागते याचा खात्रीशीर पुरावा मिळाला नाही. ओझं कमी कराच, मुलं दमतात. फक्त सगळं खापर दप्तरावर फोडून खेळाचा तास गणिताला देऊ नका. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. माझ्या मते पाठीचा खरा तास तोच.

एक गोष्ट मात्र पालकांनी स्वतः बघावी. मुलाला पाय जुळवून, हात खाली सोडून ओणवं व्हायला सांगा आणि मागून पाहा. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली तर डॉक्टरांना दाखवा. कणा बाजूला वळण्याचा हा प्रकार वाढीच्या वयात दिसतो, बहुतेकदा कारण सापडत नाही आणि तो पोक काढल्याने होत नाही. त्या पोराला ‘तरी सांगत होते’ म्हणू नका. रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, ताप, पायात मुंग्या किंवा अशक्तपणा, लघवीवरचा ताबा जाणं, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांकडे जायला थांबायचं नाही.

सोमवारी दप्तरांचं वजन पुन्हा होणार आहे. बाईंची पर्सही काट्यावर ठेवायची असा ठराव वर्गाने एकमताने मंजूर केलाय. रविवारी ती रिकामी करायला बसावं लागणार.