बोधिधर्माने कुंग फू शिकवलं नाही, आणि ते पुस्तकही त्याचं नाही

फिरता मजकूर साधारण असा असतो: कांचीपुरमचा पल्लव राजपुत्र बोधिधर्म बौद्ध भिक्षू होऊन चीनला गेला, शाओलिन मठातले भिक्षू त्याला अशक्त दिसले, म्हणून त्याने त्यांना केरळची युद्धकला कळरीपयट्टू शिकवली आणि त्यातून कुंग फू जन्मलं. पुरावा काय, तर त्याने स्वतः लिहिलेलं ‘यीजिन जिंग’ हे व्यायामाचं पुस्तक. खाली पुस्ती असते, की चीनने हे श्रेय दडपलं. 2011 साली आलेल्या एका तमिळ चित्रपटातही बोधिधर्माची अशीच गोष्ट होती. चिनी युद्धकलांवरच्या जुन्या पुस्तकांचा मला नाद आहे, आणि त्या पुस्तकांच्या नावावर खोटं खपवलेलं बघवत नाही. म्हणून एकेक दावा घेऊ.

पहिला दावा, तो पल्लव राजपुत्र होता. बोधिधर्माचा सर्वात जुना उल्लेख 547 सालचा आहे. लुओयांग शहरातल्या मठांचं वर्णन लिहिणाऱ्या यांग श्वेनचीने तो केला आहे. त्यातला बोधिधर्म पर्शियाचा आहे, आपलं वय दीडशे सांगतो, आणि योंगनिंग मठाचा उंच मनोरा पाहून इतका भारावतो, की हात जोडून दिवसेंदिवस ‘नमो’ म्हणत राहतो. त्याच शतकातला थानलिन हा भिक्षू मात्र त्याला दक्षिण भारतातल्या एका मोठ्या राजाचा तिसरा मुलगा म्हणतो. म्हणजे तो दाक्षिणात्य असू शकतो, यात वाद नाही. पण पल्लव घराणं आणि कांचीपुरम ही नावं या सुरुवातीच्या नोंदींत कुठेच नाहीत. लढाईचं तर अवाक्षरही नाही. सगळा भर ध्यानावर.

दुसरा दावा, त्याने शाओलिनच्या भिक्षूंना लढायला शिकवलं. शाओलिन मठ सम्राट श्याओवेनने 495 च्या सुमारास उभारला, तो बातुओ नावाच्या दुसऱ्याच भारतीय भिक्षूसाठी. फिरत्या मजकुरात या बातुओला जागाच नसते, याचं मला खरंच वाईट वाटतं. इथले भिक्षू लढल्याची पक्की नोंद 621 ची. त्या वर्षी त्यांनी पुढे सम्राट झालेल्या ली शिमिनला वांग शिचोंगविरुद्ध मदत केली. ही हकीकत 728 च्या शिलालेखात कोरलेली आहे, मदत करणाऱ्या तेरा भिक्षूंच्या नावांसह. त्याच शिलालेखात बोधिधर्मही आहे, पण ध्यानमार्गाचा गुरू म्हणून. दोन्ही गोष्टी एकाच दगडावर आहेत आणि कोरणाऱ्यांनी त्यांचा एकमेकींशी संबंध लावलेला नाही. मठाचा युद्धगुरू बोधिधर्म असता तर ते सांगायला याहून चांगली जागा कुठली होती?

आता पुस्तक. सगळी भिस्त त्याच्यावर आहे, म्हणून इथे जरा थांबू.

‘यीजिन जिंग’ला दोन प्रस्तावना आहेत. पहिली थांग काळातला सेनापती ली जिंग याच्या नावावर, साल 628. दुसरी सोंग काळातला निउ गाओ याच्या नावावर, साल 1142. पहिलीत ग्रंथ कोणाकडून कोणाकडे आला याची साखळी दिली आहे, आणि त्यात ली जिंगला हा ग्रंथ देणारा आहे ‘दाढीवाला वीर’. हा वीर एका गाजलेल्या कथेतलं पात्र आहे, आणि ती कथा 628 नंतर दोनशेहून जास्त वर्षांनी लिहिली गेली. सातव्या शतकातला खरा सेनापती पुढच्या काळातल्या कथेतल्या पात्राकडून पुस्तक कसं घेईल? अठराव्या शतकात लिंग तिंगखान या विद्वानाने या प्रस्तावना तपासून, हे कुणा अर्धशिक्षित गावपंतोजीचं काम आहे असा निकाल दिला. पुस्तकाच्या शेवटी 1624 चं एक टिपण आहे, थ्येनथाय डोंगरावरच्या, ताओ या चिनी धर्मपरंपरेतल्या एका साधकाचं. त्या काळाच्या मागे या पुस्तकाचा माग लागत नाही.

आतला मजकूरही ताओ परंपरेतलाच आहे: श्वासाचे प्रयोग, अंग चोळणं, कुटणं, औषधी वनस्पती. फळ काय, तर तळहाताच्या कडेने बैलाचं मुंडकं तोडता येईल आणि बोटांनी त्याचं पोट भोसकता येईल. कळरीचा त्यात मागमूस नाही. ज्या बारा मुद्रांची चित्रं हल्ली ‘बोधिधर्माचा व्यायाम’ म्हणून दाखवतात, त्या तर 1858 साली फान वेईने छापलेल्या आरोग्यविषयक पुस्तकातून प्रसिद्ध झाल्या.

याउलट शाओलिनच्या लढाईवरचं खरं पुस्तक बघा. चेंग झोंगयौ या गृहस्थाने मठात दहा वर्षांहून जास्त काळ काढला आणि भिक्षूंच्या लाठीवर पुस्तक लिहिलं. ते 1621 च्या सुमारास छापलं गेलं. त्यात पवित्रे आहेत, चित्रं आहेत, लाठीची लांबीही आहे, आठ ते साडेआठ छी, म्हणजे चिनी फूट. शाओलिनचं नाव तेव्हा लाठीसाठीच होतं. मूठ-लाथ तिथे नंतर भरात आली. आणि या लाठीचा आद्यगुरू म्हणून चेंग कोणाला मान देतो? किन्नरराजाला, म्हणजे बौद्ध कथांतल्या किन्नर नावाच्या अर्धदेवांच्या राजाला. चौदाव्या शतकात ‘रेड टर्बन’ नावाचे बंडखोर मठावर चालून आले तेव्हा मुदपाकखान्यातला एक साधा सेवक चुलीतलं लाकूड घेऊन बाहेर पडला, डोंगराएवढा झाला आणि त्याने त्यांना पळवून लावलं, अशी ती कथा. तो सेवक म्हणजेच किन्नरराजा. मठातला 1517 चा शिलालेखही हीच कथा सांगतो. मठात राहून शिकलेल्या माणसाला बोधिधर्माचं युद्धगुरुत्व ठाऊकच नव्हतं. त्याआधी सेनापती छी जिग्वांगने सैनिकांसाठी बत्तीस पवित्र्यांचं मुष्टियुद्ध लिहिलं, त्याला जुन्या-नव्या नामांकित शैलींची यादी जोडली. बोधिधर्म त्यातही नाही.

कळरीपयट्टूबद्दल थोडक्यात. अभ्यासक तिच्या ओळखीच्या रूपाचा काळ साधारण अकरावं-बारावं शतक धरतात, मग सहाव्या शतकात ती चीनला नेणार कशी? आणि चीनला तोवर लढता येत नव्हतं असंही नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या हान राजवटीच्या ग्रंथसूचीत हातांच्या लढाईवर सहा प्रकरणांचं एक पुस्तक नोंदलेलं आहे. पुस्तक हरवलं, नोंद टिकली.

मग भारताचा काहीच वाटा नाही? आहे, आणि तो मला या मजकुरापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो. तो किन्नर आपल्याकडून गेलेला. बातुओचा शिष्य सेंगछोउ याची आठव्या शतकात लिहिलेली कथा अशी, की सोबतचे श्रामणेर, म्हणजे नवशिके भिक्षू, कुस्तीत त्याला बदडायचे. त्याने वज्रपाणी या बलवान बौद्ध रक्षकदेवतेचे पाय धरले, बळ दे नाहीतर इथेच मरतो म्हणाला. सहाव्या दिवशी पहाटे वज्रपाणी वाडगाभर स्नायू घेऊन प्रकटला. भिक्षू मांस खाईना, तेव्हा त्याने आयुध उगारून ते खायला लावलं. हाच वज्रपाणी अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात रंगवलेला आहे, आणि ते लेणं शाओलिनच्या स्थापनेच्या आसपासचंच.

राहिला शेवटचा दावा, चीनने श्रेय दडपलं. उलट बोधिधर्माला युद्धगुरू बनवणारे चिनीच होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्रमशः छापून आलेल्या एका लोकप्रिय कादंबरीने आणि 1915 च्या एका ‘शाओलिन रहस्य’ छापाच्या पुस्तकाने ही कथा घरोघरी पोचवली. ती खोडणाराही चिनीच, थांग हाओ. त्याने 1930 च्या आपल्या पुस्तकात बोधिधर्माची कथा मोडीत काढली, आणि त्याच पुस्तकात वुदांग डोंगरावरच्या चांग सानफेंग या अस्सल चिनी साधूने मुष्टियुद्ध निर्माण केल्याची कथाही तितक्याच निर्दयपणे मोडीत काढली.