कूलर चैन नाही, सोफा होता

वस्तूंच्या मागे लागणारा माणूस असमाधानी राहतो, हे वस्तू आणि सुखावरच्या तुमच्या लेखातलं म्हणणं पटलं. पण 'वस्तू कमी तितकं सुख जास्त' हे काही पटलं नाही. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ ला टेकतो तेव्हा कूलर ही चैन नसते हो! रिचिन्स आणि डॉसन या संशोधकांनी १९९२ मध्ये भौतिकवाद, म्हणजे वस्तूंचा हव्यास, मोजणारी प्रश्नावली तयार केली, तिचा रोख घरातल्या सामानावर नाहीच. वस्तू आयुष्याच्या केंद्रस्थानी आहेत का, सुख त्यांतच आहे असं वाटतं का आणि यश त्यांवरूनच मोजता का, हे ती तपासते.

त्या तिसऱ्यात आम्ही सापडलो. शेजाऱ्यांकडे एल आकाराचा सोफा आला, म्हणून आम्हीही हप्त्यांवर घेतला. दोन महिन्यांत त्यावर इस्त्रीचे कपडे साचू लागले, हप्ते मात्र अठरा. आई अजूनही खाली चटईवरच बसते. 'काऊन घेतला बाप्पा एवढा?' म्हणते.

व्हॅन बोव्हेन आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये दाखवलं, की वस्तूंपेक्षा अनुभवांवरचा खर्च लोकांना जास्त आनंद देतो. आमच्याकडे तो अनुभव म्हणजे फुटाळा तलावावरची पहाट आणि नंतर तर्री-पोहे. तर्रीनं धाकट्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी काढलं होतं, ते अजून सगळ्या पाहुण्यांना सांगून होतं.