मामांच्या फोनवरचा पाणबुडीमार हबर्ड

आमच्या मामांना काचबिंदू आहे आणि गेल्या आठवड्यात त्यांनी डोळ्यांत थेंब घालणं सोडलं. कारण काय, तर नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज. अमेरिकी नौदलाच्या राखीव दलातले अधिकारी एल. रॉन हबर्ड यांनी म्हणे महायुद्धात एक जपानी पाणबुडी बुडवली, दुसरी निकामी केली, 21 पदकं मिळवली, आंधळे-पांगळे होऊन परतले आणि निव्वळ मनोबलावर बरे झाले. सायंटॉलॉजी नावाचा पंथ याच गृहस्थाने काढला, हे मात्र मेसेजमध्ये नाही.

आधी डोळ्यांचं. त्याच्या नौदलातल्या कागदपत्रांत डोळे आल्याची नोंद आहे, सांधेदुखी आहे, अल्सर आहे. दृष्टी गेल्याची नाही, लढाईत जखमी झाल्याचीही नाही. 1945 मध्ये नौदलाच्या ओक नोल रुग्णालयात तो होता तो मुख्यतः अल्सरसाठी. आणि मनोबलाने बरा झालेला हा माणूस अपंगत्वाचं पेन्शन घेत होता, शिवाय 1947 मध्ये माजी सैनिकांच्या खात्याकडे मानसोपचार मिळावेत म्हणून पत्र पाठवत होता. मामा, थेंब घाला.

आता ती पाणबुडी. हबर्डकडे पीसी-815 हे पाणबुडीविरोधी जहाज होतं, हे खरं. जपानी पाणबुड्या अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या ओरेगॉन राज्याच्या किनाऱ्यापर्यंत येत, हेही खरं. जून 1942 मध्ये आय-25 ने तिथल्या फोर्ट स्टीव्हन्स या लष्करी ठाण्यावर तोफा डागल्या होत्या. त्यामुळे 19 मे 1943 च्या पहाटे तिथल्याच केप लुकआउटजवळ सोनारवर, म्हणजे आवाज सोडून पाण्याखालच्या वस्तू शोधणाऱ्या यंत्रावर, प्रतिध्वनी आला तेव्हा संशय घेण्यात गैर काही नव्हतं. पण मग सुमारे 68 तास हा पठ्ठ्या समुद्र धोपटत राहिला! 37 डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, संपवले. मदतीला आणखी जहाजं आली, दोन ब्लिम्प, म्हणजे गस्तीचे फुगे, आले. वर काय आलं? ना अवशेष, ना प्रेतं.

हे माझं मत नाही. त्या सागरी विभागाचे प्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल फ्रँक जॅक फ्लेचर, म्हणजे जपान्यांविरुद्ध कोरल समुद्र आणि मिडवेची लढाई लढलेला माणूस, यांनी सगळे अहवाल तपासून लिहून ठेवलंय की तिथे पाणबुडी नव्हतीच. पीसी-815 सोडून बाकी सगळ्या जहाजांच्या कप्तानांचंही तेच म्हणणं होतं. त्या जागी समुद्रतळाशी शोधयंत्रांना फसवू शकेल असा चुंबकीय खनिजाचा साठा असल्याचं आधीपासून माहीत होतं, अशीही नोंद फ्लेचर करतात. युद्धानंतर जपान्यांची कागदपत्रं हाती आली, त्यातही त्या सुमारास तिथे पाणबुडी गमावल्याचा उल्लेख नाही. आता जपान्यांनीही हबर्डविरुद्ध कट केला, असं म्हणायचं का?

पदकं 21 नाहीत, चार. त्या त्या काळात, त्या त्या भागात नोकरीवर असलेल्या सगळ्यांना मिळायची तसली. शौर्याचं एकही नाही.

मेसेजमध्ये पुढचा महिना गायब आहे. 28 जून 1943 ला याच जहाजाने मेक्सिकोच्या कोरोनाडो बेटांच्या दिशेने सरावाचा गोळीबार केला आणि परवानगी नसताना मेक्सिकोच्या हद्दीत नांगर टाकला. मेक्सिकोने तक्रार केली, चौकशी बसली, हबर्डला लेखी समज मिळाली आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात जहाज त्याच्याकडून काढून घेतलं. अडीच महिन्यांची कप्तानी.