‘लोकांची पोरं डोंगरात सोडता’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांनी मोठ्यांशिवाय लोणावळ्याजवळच्या राजमाची किल्ल्यावर जावं, असं मी एका लेखात लिहिलं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. उत्तर सकाळी लिहितोय, रात्री शब्द सांभाळता आले नसते.

आधी अंतराचं. तिथे चूक माझीच. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे उधेवाडी, म्हणजे राजमाचीच्या पायथ्याचं गाव, मी 12 किलोमीटर लिहिली होती, ती 15 च्या आसपास आहे. पाठीवर सॅक असताना तीन किलोमीटरला तासभर लागतो आणि डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. दुरुस्ती केली. आभार.

आता तुमचं ते वाक्य : ‘लाइक्ससाठी लोकांची पोरं डोंगरात सोडता, एखादं गेलं तर त्याच्या आईला काय तोंड दाखवाल?’ नाव न देता हे लिहिणं सोपं आहे. माझी मुलगी सतरा वर्षांची असताना तीन मैत्रिणींबरोबर याच वाटेने गेली होती. जाताना कागद ठेवून गेली : कोण कोण आहे, वाट कुठली, मुक्काम कुणाकडे, किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर हालचाल करायची. निरोप ठरलेल्या वेळेनंतर पन्नास मिनिटांनी आला. तोवर मी दारातून हललो नव्हतो. तेव्हा आईबापाचं काळीज मला तुम्ही शिकवू नका.

आणि मोठा माणूस बरोबर असला की मुलं सुखरूप, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? 1993 च्या जुलैत मी सतराचा होतो. भीमाशंकरहून खांडसला उतरत होतो, आम्ही अकरा मुलं आणि एक अनुभवी म्होरक्या. पदरावर, म्हणजे डोंगराच्या मधल्या सपाटीवर, धुकं उतरलं आणि चकवा लागला. खांडसला उतरणाऱ्या दोन वाटांपैकी शिडी घाटाची सापडेना, गणेश घाटाचीही नाही. म्होरक्या म्हणाला, ओढा धरा, पाणी गावालाच जातं. आमच्यातल्या एकाकडेही नकाशा नव्हता आणि मोठ्यांना विचारायची रीत नव्हती. ओढ्यातून अर्धा तास उतरलो. मग पुढच्या मुलाने हात वर केला. त्याच्या पायापुढे धबधबा कोसळत होता आणि खाली नुसतं पांढरं. आम्ही भिजत, एकमेकांना चिकटून रात्र काढली. सकाळी खालच्या वाडीतल्या एका ठाकर बाईने आम्हाला वाटेला लावलं.

सह्याद्रीचा कोकणाकडचा उतार असा आहे की ओढा बहुतेकदा कड्यावरच संपतो. वाट चुकली तर पाण्यामागे खाली जायचं नाही. जिथे वाट नक्की ठाऊक होती तिथवर मागे फिरायचं. ते जमत नसेल तर कड्यापासून लांब, एकत्र बसून राहायचं. मळलेली दिसणारी वाट ढोरवाट असू शकते, ती कारवीच्या झुडपांत शिरते आणि तिथेच विरते. हे त्या म्होरक्याला ठाऊक नव्हतं. माझ्या मुलीला ठाऊक होतं, कारण आधीच्या दोन ट्रेकला मी मुद्दाम सगळ्यात मागे चाललो आणि वाट तिला शोधायला लावली. ‘पोरं सोडता’ म्हणताना माझ्या लेखातला हा अर्धा भाग तुम्ही वाचलाच नाहीत, असं मला वाटतं. वाचून लिहिलं असेल तर ते जास्त वाईट.

मोबाइल असताना नकाशा-होकायंत्र कशाला, याबद्दल एवढंच : जीपीएसला रेंज लागत नाही हे खरं, पण नकाशा आधी उतरवून घ्यावा लागतो, बॅटरी उरावी लागते, आणि कुणी चढवलेला ट्रॅक वाट चुकलेल्याचाही असू शकतो. 1:50,000 च्या टोपोशीटवर, म्हणजे डोंगरदऱ्यांची उंची दाखवणाऱ्या नकाशावर, दर 20 मीटरला एक समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणारी) असते. रेषा एकमेकींना चिकटल्या की तिथे कडा आहे, हे शिकायला एक संध्याकाळ पुरते. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यातला फरक जेमतेम एखाद्या अंशाचा, त्यामुळे होकायंत्र वापरायलाही अवघड नाही. यात तुम्हाला ‘जुन्या लोकांची मिरवायची हौस’ कुठे दिसली, कळलं नाही.

विमा, परवानगी वगैरे तुमचे बाकीचे मुद्दे या लेखाच्या विषयाबाहेरचे आहेत.

एक मात्र लेखात ठळक करतो, तुमच्यामुळे नव्हे, काल रात्री पुन्हा वाचताना जाणवलं म्हणून : पावसाळ्यात नाही. पहिली स्वतंत्र फेरी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, किमान चौघांनी, आणि दुपारी परत फिरायची वेळ घरूनच ठरवून. ती वेळ झाली की बालेकिल्ला समोर दिसत असला तरी मागे वळायचं. बाकी लेख आहे तसाच राहील.